दुसऱ्या डिस्कचं पहिलं अक्षर

मंगळवारी सकाळी सव्वानऊला मी यंत्राच्या पोटातून डावी डिस्क खेचून काढली, बटण दाबलं, आणि यंत्र सुरू झालं नाही. पंखे फिरले, हिरवा दिवा लागला, काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: सुरू करता येईल अशी डिस्क सापडली नाही. मी ती ओळ दोनदा वाचली. उजवी डिस्क तर आतच होती. डावीवर जे जे होतं ते सगळं तिच्यावरही होतं. बारा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आले होते, की दोन डिस्क आहेत, एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर उतरतं, आरशात दिसावं तसं, आणि त्यातली कुठलीही एक मेली तरी आपलं काही अडणार नाही. वार्षिक बैठकीत सांगितलं होतं, नव्या संचालकबाईंना सांगितलं होतं, एकदा तर कुणाच्या तरी लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या दातांच्या डॉक्टरलाही सांगितलं होतं, बिचाऱ्यानं काही विचारलेलं नसताना. बारा वर्षं मी चक्क खोटं बोलत होते, आणि आज ते पडद्यावर लिहून आलं होतं. राग यायला हवा होता, लाज वाटायला हवी होती. पण त्या दोन्हींच्या आधी मला जे वाटलं ते एवढंच, की अरेच्चा, हे कसं काय?

हा माझा जुना दोष आहे. नोव्हेंबरात माझा नवरा एल्के स्वयंपाकघरात कोसळला, रुग्णवाहिका आली, आणि त्याच्या छातीला चिकटवलेल्या तारांमधून येणारे आकडे बघत मी रुग्णवाहिकेतल्या माणसाला विचारत बसले की हा आकडा कशाचा, तो का बदलतो, खालचा का बदलत नाही. माझी नणंद आफ्के दवाखान्यात धावत आली तेव्हा मी तिला मेंदूतली रक्तवाहिनी कशी तुंबते ते कागदावर काढून दाखवत होते. ती चित्राकडे न बघता माझ्याकडेच बघत होती. "लिडवीन," ती म्हणाली, "तुला रडू येत नाही का गं?" मी म्हणाले, येईल नंतर. मग ते राहूनच गेलं.

तर यंत्र. आमची प्रयोगशाळा दूध तपासते. लेवार्डनच्या आसपासच्या गोठ्यांतून दुधाचे टँकर निघतात, प्रत्येक गोठ्याची एक छोटी बाटली आमच्याकडे येते, दुधात चरबी किती, प्रथिनं किती, गाईच्या सडाला सूज आहे का, हे सगळं मोजून आकडे या यंत्रात जातात आणि दुपारपर्यंत शेतकऱ्याच्या हातातल्या फोनवर पोचतात. यंत्र सांभाळायचं काम माझं, एकटीचं. सकाळच्या बाटल्या यायला अजून तासभर होता म्हणूनच मी ही परीक्षा घ्यायला बसले होते. डावी डिस्क मुकाट्यानं परत घातली, बटण दाबलं, यंत्र काही झालंच नाही अशा थाटात सुरू झालं. तेवढ्यात फोल्कर्ट कॉफीचे दोन कप घेऊन दारात उभा. फोल्कर्ट बाटल्यांच्या विभागात असतो, निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आणि त्याचा एकच विनोद आहे. यंत्र सुरू करण्याला इंग्रजीत जो boot शब्द आहे, तो आमच्याकडे जसाच्या तसा होडीसाठी लिहितात.

"काय गं, होडी निघेना वाटतं आज?"

"डाव्या वल्ह्यानं निघते. उजव्यानं निघत नाही."

"मग कशाला काढायचं डावं वल्हं? चालू होडीत बसून बूड कसं फुटतं ते बघायची हौस तुलाच." त्यानं कप ठेवला, डबा पुढे केला. दहाच्या कॉफीला एक बिस्किट, दुसरं नाही, असा इथला नेम आहे, आणि अजून दहा वाजायचे होते. "घे, दोन घे. शुक्रवारचं काय?"

शुक्रवारचं काय, हे त्यानं विचारलं नसतं तरी खोलीत होतंच. मी डावी डिस्क काढली ती हौसेनं नाही. मी एक टाचण लिहीत होते, 'मी नसताना काय करावं' या नावाचं, आणि चौथ्या कलमात लिहिलं होतं की कुठलीही एक डिस्क गेली तरी यंत्र चालेल. लिहिलं आणि हात थांबला. हे आपण कधी करून पाहिलंय का? टाचण लिहायचं कारण शुक्रवार. शुक्रवारी अकरा वाजता पुनर्वसन केंद्रात बैठक होती, एल्केला घरी सोडायचं का ते ठरवणारी. एल्केचा उजवा हात सुधारला होता, काठी घेऊन तो चालत होता, जिना चढत होता. अडलं होतं ते बोलण्याशी. त्याला सगळं समजतं. सगळे शब्द त्याच्याकडे आहेत. फक्त सुरुवात होत नाही. तोंड उघडतं, ओठ जमवाजमव करतात, डोळे मोठे होतात, आणि काही नाही. पण मी पहिलं अक्षर दिलं की उरलेलं सगळं धाडकन बाहेर येतं. मी म्हणायचं "कॉ—", की तो म्हणणार "कॉफी, पण काल दिली तसली पाणचट नको." मला वाटायचं, ही केवढी गंमत आहे, एवढं लांब वाक्य एका अक्षराच्या मागे दबा धरून बसलेलं असतं. चार महिने मी त्याच्यासमोर बसून पहिली अक्षरं वाटत होते. मला त्याच्या मनातलं अक्षर बहुतेक वेळा बरोबर कळायचं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा तोराही होता.

पण केंद्राचं म्हणणं सरळ होतं. माणूस घरी एकटा राहणार असेल तर त्याला फोन करून मदत मागता आली पाहिजे. नाव, पत्ता, काय झालं. दोन मिनिटांत, कुणी न सुचवता, आणि हे त्यानं शुक्रवारी करून दाखवायचं. गळ्यात घालायचं मदतीचं बटण त्याला देऊन पाहिलं होतं. ते त्यानं दोनदा कोटाच्या खुंटीला अडकवून ठेवलं आणि तिसऱ्यांदा ते शेजारच्या खोलीतल्या म्हातारीच्या मांजराच्या गळ्यात सापडलं. फोन जमला नाही तर दोनच वाटा होत्या: मी नोकरी सोडून घरी बसायचं, किंवा त्यानं शुश्रूषागृहात जायचं. दुसरी वाट मी तोंडानं उच्चारतही नव्हते. म्हणून टाचण.

त्या दिवशी चार वाजता मी सायकल केंद्रासमोरच्या कालव्याच्या काठाला लावली आणि वर गेले तेव्हा एल्के खिडकीत बसला होता. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या त्याच्यासारख्या माणसाला सायकलींच्या रस्त्यावर खोली दिली होती, ते एक बरं झालं होतं. खालून कुणाची साखळी कुरकुरत गेली की त्याच्या कपाळाला आठी पडायची. मी ठरवून गेले होते की आज अक्षर द्यायचं नाही. सकाळचं माझ्या डोक्यात घोळत होतं. मी असले की हा सुरू होतो, मी नसले की नाही, म्हणजे सुरुवात याच्याकडे नाहीच, ती माझ्या तोंडात आहे. मी समोर बसले, त्याला फोन दिला, म्हणाले, समज मी मदत केंद्र. काय नाव आपलं? त्यानं तोंड उघडलं. ओठांची जमवाजमव झाली. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि माझी जीभ आपोआप टाळूला लागायला निघाली ती मी दातात धरली. एक मिनिट गेलं. मिनिट किती लांब असतं ते मला माहीत नव्हतं. त्याच्या मानेची शीर फुगली, मग त्यानं फोन मांडीवर ठेवला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. मी घाईघाईनं म्हणाले, "एल्—". "एल्के तेर्पस्त्रा," तो खिडकीला म्हणाला, "तिखेलगल्ली एकवीस, लेवार्डन, आणि मी काही गाढव नाही." यावर मी हसले. तो हसला नाही.

बुधवारी मी उजवी डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून तिच्या आत बघत बसले. असं बघायला मला फार आवडतं, हे कबूल केलं पाहिजे. बाहेर वारा होता, प्रयोगशाळेच्या खिडक्या थरथरत होत्या, आणि मी एका डिस्कच्या पोटात बारा वर्षांचं दूध बघत होते. सगळं होतं. प्रत्येक गोठा, प्रत्येक दिवस. स्टिन्सच्या एका शेतकऱ्याची ती प्रसिद्ध गाय, जिच्या दुधातल्या चरबीचा आकडा बघून आम्हाला आमचंच मोजमाप चुकलंय असं वाटलं होतं, तीसुद्धा होती. मग मी अगदी सुरुवातीला गेले. डिस्कची पहिली जागा, पहिला छोटासा कप्पा, पाचशे बारा अक्षरांचा. यंत्र जागं झालं की आधी तिथे बघतं, तिथे एक इवलासा संदेश असतो, की पुढचं अमुक जागी आहे, तिकडे जा. तेवढंच. डाव्या डिस्कवर तो संदेश होता. उजव्या डिस्कवर त्या जागी शून्यं होती. रांगेनं शून्यं. मी खुर्चीत मागे टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, अच्छा! फोल्कर्टनं बाहेरून विचारलं, बुडालो का? मी म्हणाले, नाही, तळ दिसला.

आरसा डिस्कच्या ज्या भागाला धरला होता, त्याच्या बाहेर ती पहिली जागा होती. जे जे मी लिहीत गेले ते दोन्हीकडे गेलं. पण सुरुवातीचा संदेश आरशातून जात नाही, तो प्रत्येक डिस्कवर वेगळा, आपल्या हातानं ठेवावा लागतो. आणि तो मी एकीवरच ठेवला होता. मला तो क्षण आठवला, म्हणजे आठवला असं मला वाटलं. बारा वर्षांपूर्वीचा मार्च, यंत्र नवं, खोक्याचा वास, आणि पडद्यावर विचारलेलं: सुरुवातीचा संदेश कुठल्या डिस्कवर ठेवायचा? उत्तर आधीच भरलेलं होतं, पहिली. प्रश्नात उत्तर भरून आलं की मी बोट दाबून पुढे जाते. कोण थांबतं? आणि नंतर कळायचा काही मार्गच नव्हता, कारण डावी डिस्क बारा वर्षं धडधाकट राहिली. इतकी वर्षं सगळं नीट चाललं यात हुशारी कुणाचीच नव्हती. उपाय मात्र एका ओळीचा होता. उजव्या डिस्कचं नाव लिहून तोच संदेश तिच्यावरही ठेवायचा. मी लिहिला, आणि दुपारी सायकलवर केंद्राकडे जाताना पुलावर थांबून मला पहिल्यांदा नीट प्रश्न पडला, की माणसाच्या डोक्यात ती पहिली जागा कुठे असते? ती खरंच पुसली जाते का? की आपण चुकीच्या जागी बघत असतो?

गुरुवारी मी पुन्हा परीक्षा घेतली. डावी डिस्क काढली, बटण दाबलं. उजवी एकटीनं उठली, जरा रेंगाळली, आणि चालायला लागली. फोल्कर्टनं टाळ्या वाजवल्या. पण यात एक अडचण असते: ज्या वेळात डावी बाहेर होती तेवढ्यात उजवी पुढे निघून गेलेली असते, म्हणून डावी परत घातली की उजवीवरचं सगळं तिच्यावर नव्यानं उतरवावं लागतं, आणि ते संपेपर्यंत उजवीला हात लावायचा नाही. पडद्यावर टक्के सरकत होते. एकतीस. बत्तीस. मला दोन्ही बाजूंनी परीक्षा घ्यायचीच होती, अर्धवट काही मला सहन होत नाही. चार वाजेपर्यंत जमणार नाही हे दिसलं तेव्हा मी आफ्केला फोन केला, की आज तू जाशील का त्याच्याकडे, मला उशीर होतोय. आफ्के नेहमी रविवारी यायची, माझ्याबरोबर. "जाते की," ती म्हणाली, "साखरेचा पाव केलाच आहे."

साडेपाचला मी केंद्राचा जिना चढले. एल्केच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि आत कुणी तरी बोलत होतं. पुरुषाचा आवाज होता. मला वाटलं, शेजारच्या खोलीतला कुणी असेल. आवाज भरभर चालला होता, मध्येच अडत होता, एखादा शब्द सोडून दुसरा उचलत होता, पण थांबत नव्हता.

"...म्या म्हनलं, आरं, ह्ये सूप हाय का कपडं धुतल्यालं पानी? तर ती पोरगी म्हनती, आजोबा... आजोबा! मला! म्या एकसष्टाचा हाय म्हनलं..."

"मग? काय म्हनली ती?" हा आफ्केचा आवाज.

"काय म्हनतीया. दुसरी वाटी आनून दिली त्याच पान्याची."

आफ्के खो खो हसत होती. मी कोट न काढता कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. एकतीस वर्षं झाली लग्नाला, मला ती बोली समजते. शेताकडची, त्यांच्या आईची, या प्रांताची फ्रिसियन; आमच्या घरात मात्र डचच. बोलता येत नाही, कधी गरजच पडली नाही. आत तो एकटा, आपला आपण, वाक्यामागून वाक्य सुरू करत होता, आणि कुणी अक्षर देत नव्हतं. मला तिथेच उभं राहून ऐकत राहायचं होतं. पण कॉरिडॉरमध्ये किती वेळ उभं राहणार? मी दार ढकललं. आफ्केनं वळून पाहिलं, आणि एका श्वासाचाही खंड न पडता ती स्वच्छ डचमध्ये म्हणाली, "ये लिडवीन, आम्ही सूपबद्दल बोलत होतो." एल्के माझ्याकडे बघून खरंच आनंदला. त्यानं तोंड उघडलं. ओठांची जमवाजमव झाली. आणि काही नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्या शेतावर गेले तो दिवस मला तिथे उभ्याउभ्या जसाच्या तसा दिसला. मी ब्रेडाची, दक्षिणेची, नदीपलीकडची परकी मुलगी. मागच्या दारानं गोठ्यातून आत आलो, स्वयंपाकघरात सात माणसं एकाच वेळी बोलत होती, मला एक शब्द कळत नव्हता, आणि मी उंबऱ्यावर पाय ठेवला मात्र, सगळं टेबल डच बोलायला लागलं. त्याची आई, बाप, आफ्के, कामाचा गडी, सगळे. कुणी कुणाला खूण केली नाही. इकडची ती रीतच आहे, घरात एक माणूस बोली न येणारा असला की त्या एकासाठी सगळे भाषा बदलतात, पाहुण्याला खुर्ची द्यावी तसे. मला इतका मान वाटला होता तेव्हा! त्या मानाला मी एकतीस वर्षं सोकावले. मी खोलीत शिरले की त्यांची भाषा बाहेर जायची, आणि मला ते दिसणंही बंद झालं होतं. नोव्हेंबरपासून मी त्याच्या खोलीत रोज होते. सगळ्या भेटी माझ्यासमोर. दवाखान्यातला अर्जही मीच भरला होता, घरी बोलली जाणारी भाषा या रकान्यात डच लिहिलं होतं, आणि ते खरंच होतं, म्हणून तर कुणी पुढे काही विचारलं नाही. त्याला बोलायला शिकवणारी लोब्के उत्रेख्टची, तिला ती बोली येत नाही. तिच्या तक्त्यावर त्याच्या कित्येक शब्दांपुढे फुली होती. काही वेळा तो भलतंच काही तरी पुटपुटायचा, लोब्के म्हणायची छान, पण हा शब्द नाही, पुन्हा करू या. मी म्हणायचे, हो एल्के, पुन्हा. आणि पहिलं अक्षर द्यायचे. माझं अक्षर.

"बोलायची का थांबलीस?" मी आफ्केला विचारलं.

"तू आलीस ना."

"म्हणून थांबायचं?"

आफ्के गोंधळली. "अगं, मग काय तुझ्यासमोर आम्ही दोघंच बोलत बसायचं? आईनं थोबाड फोडलं असतं."

मी पलंगाच्या कडेवर बसले. रागवायला समोर कुणीच नव्हतं. सगळे माझ्याशी चांगले वागले होते, आणि त्यापायी माझा नवरा चार महिने मुका बसला होता.

शुक्रवारी सकाळी लोब्केला मी केंद्राच्या दारातच गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत घातला. "मला ती भाषा येत नाही," ती म्हणाली.

"तुला नको येऊ दे. तू डचमध्येच विचार. त्याला कळतं."

"आणि खऱ्या मदत केंद्रात?"

"लोब्के, याच प्रांतातल्या माणसांचे फोन घेतात ना ते? इथल्या अर्ध्या म्हाताऱ्या घाबरल्या की दुसरं काही बोलतच नाहीत. आणि तुझ्या कागदावर काय लिहिलंय? नाव, पत्ता, काय झालं. भाषेचं काही लिहिलंय?"

तिनं खरंच कागद काढून वाचला. "नाही," ती म्हणाली, आणि थोडी लाल झाली. "मी त्या फुल्या मारल्या त्या..."

"मी शेजारी बसून 'पुन्हा' म्हणत होते. जाऊ दे आता."

पद्धत अशी होती की एल्के एका खोलीत एकटा फोन घेऊन बसणार, आणि लोब्के पलीकडच्या खोलीत मदत केंद्र होऊन फोन उचलणार. मी त्याच्याबरोबर आत गेले. त्यानं दाढी केली होती, गालावर एक जागा सुटली होती. हात गार होते. त्याला शुक्रवारचा अर्थ माझ्याइतकाच माहीत होता. मला त्याला सांगायचं होतं की तुझ्या भाषेत बोल, पण ते डचमध्ये सांगितलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, हे मला रात्री अंथरुणात कळलं होतं. मी वाक्य पाठ करून आले होते. एकतीस वर्षांत मी त्या भाषेत बोललेलं ते पहिलं वाक्य.

"आईसंगं बोलतूस तसा बोलायची," मी म्हणाले.

एल्केचे डोळे गोल झाले. मग त्याचे खांदे हलायला लागले. इतका हसला की काठी पडली. "बोलायची!" तो म्हणाला. "कोन बोलायची? म्या बाई हाय का? बोलायचं... बोलायचं म्हन." त्याच्या लक्षातही आलं नव्हतं की त्यानं वाक्य सुरू केलंय. माझ्या आलं होतं. मी काठी उचलून त्याच्या गुडघ्याला टेकवून ठेवली, पुढे एक शब्दही न बोलता बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. दार ओढून घेणं मला अवघड गेलं.

पलीकडे लोब्के टेबलापाशी बसली होती. तिनं आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला होता, शेजारी घड्याळ आणि कागद. मी भिंतीला टेकून उभी राहिले. फोन वाजला. "मदत केंद्र," लोब्के म्हणाली, खऱ्या केंद्रातल्या बाईसारखं, जरा कोरडं. "काय झालंय?"

पलीकडून श्वासाचा आवाज आला. खुर्ची करकरली. लोब्केच्या घड्याळात आठ सेकंद झाली, मग पंधरा. माझी जीभ टाळूला चिकटली होती, 'एल्' तयार होता, आणि मला वाटलं मी भिंतीतून ओरडेन. वीस. मी हात तोंडावर ठेवला. आपण काल ऐकलं ते फक्त सूपपुरतं असेल, असं मला वाटायला लागलं. बहिणीसमोर, पावाच्या वासात. इथे काय आहे त्याला? एक परकी बाई आणि एक फोन. सव्वीस.

"च्यायला," फोन म्हणाला. मग घसा खाकरला. "म्या... म्या एल्के. एल्के तेर्पस्त्रा. तिखेलगल्ली, यकवीस लंबर. म्या पडलूया. जिन्यात. पाय हालना माजा." लोब्केचं पेन कागदावर थांबलं होतं. पत्ता तिला कळला, नाव कळलं, ते तिनं लिहिलं. ती विचारणार होती की घरी आणखी कोण आहे, तसं तिच्या कागदावर होतं, पण एल्के तिच्यासाठी थांबलाच नाही. तो आता चालला होता. "दाराची किल्ली शेजारनीकडं हाय. बायकू कामावर गेलीया. तिला यवढ्यात फोन करू नगा, काय? आदी माजं बगा. ती लय प्रश्न इचारती, पन त्ये काय खरं न्हाय. ती भिती. लय भिती ती." फोन ठेवल्याचा आवाज आला.

लोब्केनं घड्याळ बघितलं, एक मिनिट चार सेकंद, आणि तीन चौकटींत तीन खुणा केल्या. मग तिनं वर पाहिलं. "शेवटी काही तरी म्हणाले ते मला कळलं नाही. काय होतं?"

मी म्हणाले, "बायको घाबरते म्हणाला."

"आणि घाबरतेस तू?"

"हो," मी म्हणाले, "नोव्हेंबरपासून." आणि मग मी रडले.